जांबोटीच्या मंडळानं जगाच्या परिषदेत शिरायचं तर आधी काय करायचं

प्रश्न असा आलाय: "आम्ही जांबोटी-कणकुंबी भागातले आठ-दहा जण आहोत, देवराया आणि ओढ्यांवर काम करतोय, संस्था रजिस्टर होऊन तीन वर्षं झाली. हवामान, जैवविविधता अशा मोठ्या परिषदा होतात तिथं आमच्यासारख्यांना आत जाता येतं का, आणि गेलो तर आमचं कोण ऐकतं?"

आत जाता येतं. कोण ऐकतं हे मात्र तुम्ही हातात काय घेऊन जाता त्यावर आहे, आणि वीसेक वर्षं यातच घालवल्यावर माझं मत एवढं पक्कं झालंय की तुम्ही हॉलमध्ये बसलात की नाही याला फार महत्त्व नाही, तुमच्या गावचा कागद त्या हॉलपर्यंत पोचला की नाही याला आहे. कागद गावात तयार होतो, त्यामुळं उत्तराची सुरुवातही आपल्या बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातूनच करावी लागेल, पण आधी नियम सांगतो कारण त्याबद्दल लोकांच्या डोक्यात फार घोळ असतो.

२०१२ च्या ऑक्टोबरात मी हैदराबादला गेलो होतो, जैवविविधता कराराची अकरावी परिषद. आपल्याकडं भातं पिकायला आलेली, घरचे म्हणाले आता कुठं निघालास, तरी बेळगावातून रात्रीची बस धरली आणि सोबत एक जाड फोल्डर, देवरायांचे फोटो, कणकुंबीकडच्या झऱ्यांचे फोटो, म्हाताऱ्या वैदूंनी दाखवलेल्या झाडपाल्याचे फोटो. तिथं जगभरच्या संस्था सकाळी एकत्र बसायच्या, आज कुठल्या विषयावर काय बोलायचं ते ठरवायच्या. त्यांच्यातल्या एका बाईंनी माझा फोल्डर अगदी आस्थेनं बघितला आणि तीन गोष्टी विचारल्या. हे गाव कुठलं, नोंद कुठल्या तारखेची, आणि ही नोंद गावानं मान्य केलीय का तुम्ही केलीय? तिन्हीला माझ्याकडं उत्तर नव्हतं. त्या म्हणाल्या की मी हे वापरू शकत नाही. त्यांना राग नव्हता आणि मलाही आला नाही, पण परतीच्या बसमध्ये झोप लागली नाही. आपल्या लोकांचं सगळं ज्ञान त्या फोल्डरात होतं आणि कागद म्हणून त्याची किंमत काहीच नव्हती. तिथून पुढं मी कामाची पद्धत बदलली.

आता नियम. हवामान करार असो की जैवविविधता करार, दोन्हींत सरकारं ही सदस्य आणि बाकी सगळे निरीक्षक. निरीक्षक व्हायला संस्थेनं अर्ज करायचा, विषयाशी संबंध दाखवायचा, आणि हजर सदस्य देशांपैकी एक तृतीयांशांनी हरकत घेतली नाही तर प्रवेश मिळतो. ऐकायला सोपं वाटतं, पण हवामान कराराच्या बाजूला कागदपत्रं तपासून मान्यता येईपर्यंत वर्षभर सहज जातं, आणि मान्यता मिळाली तरी बॅज, म्हणजे आत जायचे पास, किती मिळतील ते कराराच्या सचिवालयाच्या हातात. म्हणून बहुतेक छोट्या संस्था स्वतः अर्ज करत नाहीत, आधीच मान्यता असलेल्या मोठ्या संस्थेच्या बॅजवर जातात. यात कमीपणा काही नाही. सीओपी, म्हणजे करारातल्या सदस्य देशांची परिषद, तिची आता जत्राही झालीय, दुबईच्या २०२३ च्या परिषदेला ८० हजारांवर माणसं होती, त्या गर्दीत आठ दिवस फिरून फोटो काढून परत येणारे मी पुष्कळ बघितलेत आणि त्यांच्या गावाला त्यातून काय मिळालं ते मला अजून दिसलेलं नाही.

आत गेलेल्यांचे गट असतात. १९९२ च्या रिओ परिषदेत अजेंडा २१ मध्ये नऊ मुख्य गट धरले होते, महिला, तरुण, आदिवासी, स्वयंसेवी संस्था, स्थानिक स्वराज्य संस्था, कामगार, उद्योग, शास्त्रज्ञ आणि शेतकरी. हवामान करारातले गटही जवळपास असेच. बोलायला मिळतं ते गटाला, तेही दोन-तीन मिनिटं, आणि बहुतेक वेळा सगळी सरकारं बोलून झाल्यावर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे नवख्याला कोणी सांगत नाही: जैवविविधता करारात निरीक्षकानं सुचवलेला शब्द मसुद्यात घालायचा तर कुठल्यातरी एका सरकारनं "आमचा याला पाठिंबा" म्हणावं लागतं. नाहीतर तुमचं भाषण हवेत. म्हणजे तुम्हाला भाषणापेक्षा एक सरकार गाठावं लागतं, कॉरिडॉरमध्ये, चहाच्या रांगेत, रात्री अकराला बैठक लांबलेली असताना, आणि त्या अधिकाऱ्याच्या हातात एका पानाचा स्वच्छ कागद द्यावा लागतो ज्यावर नेमकं वाक्य लिहिलेलं आहे. मसुद्यात वादाचे शब्द चौकोनी कंसात असतात आणि रात्रभर भांडण चालतं ते "करावं" ठेवायचं की "करायलाच हवं", "आवाहन करते" ठेवायचं की "ठरवते". बाहेरून बघणाऱ्याला कीस काढल्यासारखं वाटतं, पण त्या एका क्रियापदावर पुढं दहा वर्षं पैसा आणि कायदा चालतो.

सगळीकडं दार सारखं नाही हेही लक्षात ठेवा. दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापाराचा करार, सायटीस, तिथं आंतरराष्ट्रीय संस्था सरळ अर्ज करते पण देशातल्या संस्थेला आधी आपल्याच सरकारची मान्यता लागते. संयुक्त राष्ट्रांच्या आर्थिक-सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा हवा तर संस्था किमान दोन वर्षं जुनी पाहिजे, तुमची आहे. आययूसीएन, म्हणजे आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघ, त्यात तर स्वयंसेवी संस्थांना सरकारांसारखं मतदान आहे, वेगळ्या सभागृहात, १९४८ साली संस्था निघाली तेव्हापासून सरकार आणि संस्था एकत्र अशी तिची घडण आहे. मला स्वतःला लहान संस्थांसाठी हे दार सगळ्यात कामाचं वाटतं, आणि त्याचं उदाहरण तुमच्या घराशेजारी आहे.

तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहा. तिथल्या वटवाघळाचं शास्त्रीय वर्णन १९१३ साली झालं, रॉटनचं वटवाघूळ, कित्येक वर्षं जगात फक्त तिथंच आहे असं धरलं जायचं, नंतर मेघालयात आणि कंबोडियातही सापडलं. आययूसीएनच्या लाल यादीत, म्हणजे कुठला जीव किती धोक्यात आहे त्याच्या जागतिक यादीत, ते आधी अतिसंकटग्रस्त होतं, नंतर त्याची नोंद "माहिती अपुरी" या रकान्यात गेली. माहिती अपुरी! आणि भीमगड अभयारण्याच्या भोवतालच्या गावांतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्या गुहा ओळखतात. लाल यादीचं मूल्यांकन करणारे शास्त्रज्ञ बाहेरची माहिती घेतात, ती तारखेसकट, ठिकाणासकट, नोंदणाऱ्याच्या नावासकट दिली तर. अभयारण्यात परवानगीशिवाय शिरू नका, गुहेत तर अजिबात नको, वन खात्याला लेखी विचारा आणि एखाद्या कॉलेजचा प्राणिशास्त्राचा विभाग सोबत घ्या. यासाठी विमानाचं तिकीट लागत नाही आणि जागतिक यादीत तुमची नोंद बसते. मी याला आंतरराष्ट्रीय सहभागच म्हणतो.

आता आपलं सरकार. परिषदेत भारत जे बोलतो ते दिल्लीत ठरतं, आणि त्यातला बराचसा भाग देशात चाललेल्या कामाच्या आकड्यांवर उभा असतो. २०२२ च्या डिसेंबरात माँट्रियलला ठरलं की २०३० पर्यंत ३० टक्के जमीन आणि ३० टक्के समुद्र संरक्षणाखाली आणायचा, त्याच करारात बाविसावं लक्ष्य स्थानिक समाजाच्या सहभागाचं आहे. भारतानं २०२४ मध्ये कोलंबियातल्या कॅलीच्या परिषदेत आपला सुधारित राष्ट्रीय आराखडा दिला. जैवविविधता व्यवस्थापन समित्या देशात अडीच लाखांवर आहेत असं आपण जगाला सांगतो. आता तुम्ही तुमच्या ग्रामपंचायतीत जा आणि पीडीओंना, म्हणजे पंचायत विकास अधिकाऱ्यांना, विचारा की आपली समिती कुठाय, सदस्य कोण, लोक जैवविविधता नोंदवही दाखवा. बऱ्याच ठिकाणी नोंदवही सापडते, कारण राष्ट्रीय हरित लवादानं, म्हणजे पर्यावरणाचे दावे ऐकणाऱ्या न्यायाधिकरणानं, ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली होती आणि सगळीकडं घाईघाईनं वह्या भरल्या गेल्या, पण उघडून बघितली की शेजारच्या गावाची आणि आपल्या गावाची यादी एकच असते. आपल्या भागात आणखी एक गोष्ट होते. नोंदवही कन्नडमध्ये असते, ते बरोबरच आहे, राज्याची भाषा आहे, पण माहिती देणारी म्हातारी मराठी किंवा कोंकणी बोलते आणि लिहून घेणाऱ्याला तिची नावं कळत नाहीत, मग हिरडा, वावडिंग, नरक्या, मुरडशेंग ही नावं वहीत येतच नाहीत आणि नावाबरोबर त्याचा उपयोग, तो कुणाला ठाऊक आहे, कुठल्या कपारीत उगवतो हे सगळं गळतं. हे मला फार लागतं. ती म्हातारी गेली की ते कायमचं गेलं.

तर वही दुरुस्त करून घ्या. समितीला तो अधिकार २००२ च्या जैवविविधता कायद्यानं दिलाय. प्रत्येक नोंदीला मराठी नाव, कन्नड नाव, शास्त्रीय नाव, ठिकाण, तारीख, माहिती देणाऱ्याची संमती. हीच वही राज्य जैवविविधता मंडळाकडं बेंगळूरला जाते, तिथून राष्ट्रीय प्राधिकरणाकडं चेन्नईला, आणि देशाच्या अहवालात जो आकडा होतो त्यात तुमचं गाव खरं खरं मोजलं जातं. त्या वहीतलं ज्ञान वापरून कुणी कंपनीनं औषध काढलं तर लाभात वाटा मागायचा आधारही हीच, नागोया प्रोटोकॉल २०१४ पासून लागू आहे, पण नोंद नाही तर दावा कशावर करणार.

भाषेवरून जनसुनावणीची गोष्ट. काही वर्षांपूर्वी आपल्याच भागातल्या एका प्रकल्पाची सुनावणी होती, नाव घेत नाही. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाच्या २००६ च्या अधिसूचनेप्रमाणं ३० दिवस आधी नोटीस आणि अहवालाचा सारांश इंग्रजी आणि स्थानिक भाषेत द्यायचा असतो. सारांश इंग्रजी आणि कन्नडमध्ये होता, गाव जवळजवळ पूर्ण मराठी. सुनावणीत एक शेतकरी मावशी उठल्या, म्हणाल्या, "साहेब, माझी विहीर जाणार का राहणार एवढं माझ्या भाषेत सांगा की." डीसींच्या, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांच्या, वतीनं बसलेल्या अधिकाऱ्यांनी खरं तर नीट ऐकून घेतलं, तोंडी समजावून सांगायचा प्रयत्न केला, पण इतिवृत्तात त्यांचं वाक्य आलं ते "एका महिलेनं पाण्याबाबत शंका विचारली" एवढंच. आम्ही त्या दिवशी लेखी काहीच दिलं नव्हतं. ती चूक आमची. सुनावणीत बोलायचं ते बोला पण बोललेलं सगळं कागदावर लिहून तिथंच द्या आणि पोच घ्या, व्हिडिओ शूटिंग होतं त्याची कॉपी माहिती अधिकारात मागा.

भाषेचा मुद्दा कायद्यातही टिकतो हे २०२० मध्ये दिसलं. पर्यावरण परिणाम मूल्यांकनाचा नवा मसुदा आला तेव्हा दिल्ली उच्च न्यायालयानं ३० जूनला सांगितलं की तो आठव्या परिशिष्टातल्या २२ भाषांत द्या, आणि हरकतीची मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवली. मराठी त्या २२ मध्ये आहे. आंतरराष्ट्रीय पातळीवर याची मुळं रिओ जाहीरनाम्याच्या दहाव्या तत्त्वात आहेत, माहिती मिळणं, निर्णयात सहभाग, आणि न्याय मागता येणं. युरोपात त्याचा १९९८ मध्ये आरहूस करार झाला, लॅटिन अमेरिकेत एस्काझू करार २०२१ पासून लागू झाला. भारत दोन्हींत नाही. म्हणून आपल्याकडं त्या तत्त्वाचं काम माहिती अधिकार, जनसुनावणी आणि हरित लवाद या तिघांवर चालतं. लवादाचं सांगून ठेवतो, आपल्याला पुणं जवळ असलं तरी कर्नाटकातली प्रकरणं चेन्नईच्या पीठाकडं जातात, आणि पर्यावरण मंजुरीविरुद्ध अपील ३० दिवसांत, फार तर आणखी ६० दिवस. दिवस मोजत बसणारा एक माणूस मंडळात हवाच.

पश्चिम घाट संवेदनशील क्षेत्राचा मसुदाही तसाच. २०१४ पासून मसुदे येतायत, सहावा ३१ जुलै २०२४ ला आला, ६ राज्यांत मिळून ५६,८०० चौरस किलोमीटरच्या वर, त्यात कर्नाटकाचा २०,६६८, यादीत खानापूर तालुक्यातली गावंही आहेत. हरकतीला ६० दिवस. कर्नाटक मंत्रिमंडळानं त्याच सप्टेंबरात हे मसुदे ज्याच्यावर उभे आहेत तो कस्तुरीरंगन समितीचा अहवालच नाकारला. आपल्या भागात काय झालं? "घरावर कौलं बदलता येणार नाहीत", "गुरं सोडता येणार नाहीत" असं ऐकून लोक घाबरले, कुणी मसुदा वाचून दाखवला नाही. तुम्ही गावात बसून वाचून दाखवा. गाव पाठिंबा देईल की विरोध करेल हा गावाचा निर्णय, पण तो वाचून झालेला पाहिजे. २०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातली ३९ ठिकाणं जागतिक वारसा केली, महाराष्ट्रातली ४, कर्नाटकातली १०, पण त्यात आपला भीमगड नाही. त्या वेळी आययूसीएननं प्रस्ताव पुढं ढकला असा सल्ला दिला होता आणि स्थानिकांच्या सहभागाचे प्रश्नही नोंदवले होते, तरी समितीनं मंजूर केला. म्हणजे जगाच्या पातळीवरही तज्ज्ञांचा सल्ला आणि निर्णय या वेगळ्या गोष्टी आहेत. राधानगरी आणि चांदोली त्या यादीत आहेत, आपल्यापासून लांब नाहीत. तिथं काही बिघडतंय असं दिसलं तर कुणीही नागरिक युनेस्कोच्या वारसा केंद्राला पत्र लिहू शकतो, त्यांच्या मार्गदर्शक नियमांत १७४ वं कलम त्यासाठीच आहे, ते पत्र सरकारकडं पाठवून खुलासा मागतात. छोट्या संस्थेसाठी हे फार ताकदीचं हत्यार आहे आणि म्हणूनच जपून वापरा, एकदा चुकीची माहिती दिलीत की पुढच्या खऱ्या पत्रालाही कोणी हात लावणार नाही.

बँकांची तक्रार यंत्रणा हे दुसरं असंच दार, आणि ते आपल्याच देशातल्या लोकांनी उघडलंय. सरदार सरोवराला जागतिक बँकेचं कर्ज होतं, खोऱ्यातल्या लोकांनी इतका नेटानं विरोध केला की बँकेला स्वतंत्र चौकशी नेमावी लागली, मोर्स समितीचा अहवाल जून १९९२ मध्ये आला, १९९३ च्या मार्चमध्ये भारतानं उरलेलं कर्ज नाकारलं, आणि त्याच वर्षी बँकेनं तपासणी पॅनल काढलं. आज बँकेच्या प्रकल्पानं बाधित होणारी दोन माणसं मिळून तिथं तक्रार करू शकतात, आपल्या भाषेत लिहिली तरी चालते, नाव गुप्त ठेवा म्हणता येतं. हे सांगायचं कारण बेळगाव शहरात चोवीस तास पाण्याचा जो प्रयोग काही वॉर्डांत झाला तो जागतिक बँकेच्या कर्जातूनच, हुबळी-धारवाड आणि गुलबर्ग्याबरोबर. टिळकवाडीतल्या माणसाला वॉशिंग्टन लांब वाटतं पण करार तिथं झालेला असतो. त्यामुळं कुठलाही प्रकल्प आला की पहिला प्रश्न विचारायचा, पैसा कुणाचा? सरकारचा स्वतःचा असेल तर एक रस्ता, जागतिक बँक किंवा आशियाई विकास बँकेचा असेल तर आणखी एक रस्ता.

म्हादई नदीच्या पाण्याच्या वादाबद्दल तुम्ही प्रश्नात लिहिलं नाही पण मनात असणार, तिच्या उगमाचं देगाव तिथंच आहे. माझं प्रामाणिक मत, तो विषय घेऊन जागतिक परिषदेत जाऊ नका. तो राज्याराज्यांतला वाद आहे, म्हादईचा वेगळा पाणी लवाद २०१० ला बसला, निवाडा २०१८ ला आला, पुढचं सुप्रीम कोर्टात. परिषदेत कुणी त्यावर बोलणार नाही. आणि म्हादईचं पाणी वळवायच्या कळसा-भांडुरा योजनेकडं डोळे लावून बसलेला नरगुंद-सौंदत्तीकडचा शेतकरीही आपलाच आहे, त्याच्याशी बोलल्याशिवाय जंगलाची बाजू मांडायला मला जड जातं. तुम्ही उगमाकडच्या झऱ्यांची नोंद ठेवा, कुठला झरा कुठल्या महिन्यापर्यंत वाहतो, मोजमाप दरवर्षी त्याच जागेवर, त्याच आठवड्यात. ती वही उद्या कुठल्याही कोर्टात आणि कुठल्याही शास्त्रज्ञापुढं चालेल.

तसंच सीमाप्रश्न. मी इथलाच, मराठी शाळेत शिकलो, भाषा माझ्या जिव्हाळ्याची आहे. पण पर्यावरणाच्या पत्रात तो विषय आला की पत्र वेगळ्या फायलीत जातं आणि जंगल मागं पडतं, हे मी दोनदा डोळ्यांनी बघितलंय. मराठीत माहिती मागा, तो हक्क म्हणून मागा, आणि त्याच वेळी तुमच्या प्रत्येक कागदाचं चांगलं कन्नड करून घ्या. आमच्या कामात धारवाडकडच्या कन्नड मित्रांनी जेवढी मदत केली तेवढी कुणी केली नाही.

गवळी धनगरांचंही बघा. परिषदांत "आदिवासी आणि स्थानिक समाज" असा शब्द चालतो आणि त्यांच्यासाठी २०२४ ला कॅलीत कायमची उपसंस्थाही तयार झाली. आपल्याकडं गवळी धनगर अनुसूचित जमातीत नाहीत, पण "स्थानिक समाज" या शब्दात पूर्ण बसतात. वनहक्क कायद्यात मात्र त्यांना इतर पारंपरिक वनवासी म्हणून ७५ वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. पुन्हा कागदच. जुने उतारे, गुरांच्या चराईच्या पावत्या, देवस्थानच्या वह्या, जे मिळेल ते गोळा करा, कारण हे म्हातारे आहेत तोवर साक्ष आहे.

पैशाचं थोडक्यात. परदेशी पैसा संस्थेच्या खात्यावर घ्यायचा तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची नोंदणी, लागते, खातं दिल्लीच्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेत, आणि २०२० पासून मोठी संस्था आपल्या परदेशी पैशातून तुम्हाला वाटा देऊ शकत नाही. कुणी "आमच्याकडून घ्या" म्हणालं तरी आधी सीएला विचारा. आणि मंडळात कोणी सरकारी शाळेतले गुरुजी असतील आणि परदेशी संस्था त्यांचं तिकीट काढणार असेल तर त्यांना आधी केंद्राच्या गृह खात्याची परवानगी लागते. साधा शेतकरी असेल तर नाही. ही एक गोष्ट न कळल्यानं आमच्या एका चांगल्या माणसाची फार ओढाताण झाली.

मग परिषदेला जायचंच नाही का? जा की. पण दोन वर्षांनी जा, एक माणूस पाठवा, ज्याला इंग्रजी बरं येतं त्याच्यापेक्षा ज्याला गाव पाठ आहे तो, आणि सोबत दुभाषी म्हणून दुसरा. जायच्या सहा महिने आधी एका मोठ्या नेटवर्कशी बोलून ठरवा की मसुद्यातल्या कुठल्या परिच्छेदावर तुमचा अनुभव कामाचा आहे, सगळ्यावर बोलायला जाऊ नका.

तोवर या पावसाळ्यात एवढं करा. एक देवराई आणि एक झरा धरा, जास्त नको. नोंद मराठीत करा, ग्रामसभेत मोठ्यानं वाचून दाखवा, लोक दुरुस्त्या सांगतील त्या त्याच वेळी घाला, ठराव करून पीडीओंची सही, शिक्का आणि तारीख घ्या. वर मूळ मराठी, खाली कन्नड भाषांतर, त्याखाली इंग्रजीत एक पान सारांश, असं एका फायलीत लावा आणि तीन प्रती करा, एक पंचायतीत, एक तुमच्याकडं, एक गावातल्या शाळेच्या कपाटात.